बटण दाबलं, पण नोंद आलीच नाही: फॉर्म कुठे अडला ते शोधायचा क्रम

जळगावात बसून मी लहान धंद्यांच्या वेबसाइट सांभाळते. केळीचे व्यापारी, ठिबकचे विक्रेते, शिकवण्या, मंगल कार्यालयं. महिन्याला तीन-चार फोन एकाच दुखण्याचे ठरलेले असतात. अमळनेरकडचा माणूस म्हणतो, "ताई, बटन दाबस पन काहीच व्हत नही." रावेरचा म्हणतो, "लोक सांगतात फॉर्म भरला, आमच्याकडे तर एकही नाव नाही." तक्रार ऐकायला एकच वाटते, बिघाड मात्र दर वेळी निराळ्या जागी निघतो.

माणसाने भरलेली माहिती जावास्क्रिप्ट (ब्राउझरात चालणारा प्रोग्राम, पुढे नुसतं 'स्क्रिप्ट') उचलते आणि सर्व्हरवरच्या प्रोग्रामकडे, आपल्याकडे बहुतेक वेळा पीएचपीकडे, पोचवते. अशा फॉर्मांबद्दल हे लिहिते आहे. कोडमधले शब्द आपण बोलतो तसे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजीतच करायचे.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी कागदावर लिहा. "फॉर्म चालत नाही" एवढ्यावर कोणालाच काही शोधता येत नाही.

- बटण दाबलं तरी काहीच हालत नाही. ना संदेश, ना पान बदलतं.
- पान क्षणभर लुकलुकतं, फॉर्म कोरा होतो आणि वर पत्त्याच्या पट्टीत प्रश्नचिन्हापुढे भरलेली सगळी माहिती दिसते.
- "धन्यवाद, नोंद झाली" असं येतं, पण डेटाबेसात काही नसतं.
- नोंद येते, पण काही रकाने रिकामे किंवा प्रत्येक ओळीत नुसतं 'ऑन'.
- फोटो जोडला की जात नाही, फोटोशिवाय जातो.
- एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी पडतात.
- मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं, किंवा बरोबर असलेला मोबाइल नंबर फॉर्म नाकारतो.

आधी ही खात्री: नोंद आली नाही, की ईमेल आला नाही?

याला पाच मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही, म्हणून पहिली. पुष्कळ ठिकाणी फॉर्म भरला की मालकाला ईमेल जातो आणि मालक त्या ईमेललाच नोंद समजतो. होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे त्या सेवेच्या, पॅनेलमधून डेटाबेस उघडा आणि शेवटची ओळ कोणत्या तारखेची आहे ते पाहा. ओळ असेल तर फॉर्म ठणठणीत आहे, अडलंय ते ईमेलचं. पीएचपीच्या मेल फंक्शनने 'ट्रू' म्हटलं तर त्याचा अर्थ एवढाच, की पत्र पेटीत पडलं. ते पोचलं असा अर्थ होत नाही. भरणाऱ्याचाच ईमेल पाठवणारा म्हणून लावला असेल, तर समोरची मेलसेवा तो खोटा समजून स्पॅममध्ये टाकते किंवा परतवते. पाठवणारा पत्ता आपल्या डोमेनचा ठेवा, भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये घाला.

डेटाबेसच नाही, सगळा कारभार ईमेलवर आहे, असं असेल तर आजच डेटाबेसात नोंदींचा एक तक्ता बनवा. ईमेल हरवला तर माणूस हरवतो.

मग ब्राउझर

दुसऱ्या ब्राउझरच्या खाजगी खिडकीत फॉर्म भरून पाहा. तिथे चालला, तर तुमच्या नेहमीच्या ब्राउझरने जुनी जावास्क्रिप्ट फाइल धरून ठेवली आहे किंवा एखादं एक्स्टेंशन आडवं येतंय. कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबलं की पान नव्याने येतं. पण गिऱ्हाइकाला हे तीन बटणांचं कसं सांगणार? म्हणून स्क्रिप्टच्या पत्त्याला प्रश्नचिन्ह देऊन पुढे आवृत्तीचा आकडा लावा आणि फाइल बदलली की आकडा बदला. आकडा बदलला की ब्राउझरला ती नवी फाइल वाटते.

नवशिक्यांसाठी एक गोष्ट. फाइलवर डबल-क्लिक करून पान उघडलं असेल, पट्टीत 'फाइल' ने सुरू होणारा पत्ता असेल, तर पीएचपी चालणारच नाही. तिला सर्व्हर लागतो. झॅम्प (आपल्याच संगणकावर सर्व्हर चालवणारा प्रोग्राम) चालू करून 'लोकलहोस्ट'च्या पत्त्याने उघडा.

कोडला हात लावण्याआधी नेटवर्क खाना उघडा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. माहितीच्या वाटेवर तीन मुक्काम आहेत: ब्राउझर, मधली वाट आणि सर्व्हर. ती कोणत्या मुक्कामी हरवली हे बघितल्याशिवाय कोड बदलू नका. मी पाहिलेल्या बिघडलेल्या फॉर्मांपैकी कितीतरी मुळात एका शब्दाने अडलेले होते आणि अंदाजाने केलेल्या दहा बदलांनी पार मोडले होते.

एफ-१२ दाबा. 'कन्सोल' आणि 'नेटवर्क' असे दोन खाने दिसतील. दोन्हींत 'प्रिझर्व्ह लॉग'ची खूण करा, नाहीतर पान बदललं की पुरावा पुसला जातो. आता फॉर्म भरा, बटण दाबा आणि नेटवर्कमध्ये नवी ओळ येते का पाहा.

ओळच आली नाही, तर माहिती ब्राउझरातून निघालीच नाही. सर्व्हर निर्दोष आहे, होस्टिंगवाल्याला फोन करू नका. ओळ आली आणि तिच्यावर ३०१ (दुसऱ्या पत्त्यावर वळवलं), ४०३ (मनाई), ४०४ (पत्ता सापडला नाही), ४१३ (ओझं जास्त), ५०० (सर्व्हरवर चूक) असा आकडा असला, तर अडचण वाटेत किंवा सर्व्हरवर आहे. ओळ २०० ची, म्हणजे सर्व्हरने 'ठीक' म्हटलेली, आहे आणि तरी नोंद नाही? मग त्या ओळीवर क्लिक करून 'पेलोड' बघा. तिथे नेमकं काय पाठवलं गेलं ते दिसतं. शेजारच्या 'रिस्पॉन्स'मध्ये सर्व्हर काय म्हणाला ते दिसतं. निम्म्या तक्रारींचा उलगडा याच दोन जागी होतो.

बिघाड फक्त मोबाइलवर असेल तर अँड्रॉइड मोबाइल यूएसबीने संगणकाला जोडा. त्यावर यूएसबी डीबगिंग चालू केलं की संगणकाच्या क्रोममधून मोबाइलवरच्या पानाचे हेच खाने बघता येतात. गिऱ्हाइकं मोबाइलवरूनच येतात, तेव्हा ही जोडणी एकदा शिकून ठेवावी.

ओळ आलीच नाही: फॉर्मच्या पानात काय बघायचं

कन्सोलमध्ये लाल ओळ आहे का? 'नल'वर 'अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर' चालत नाही असं म्हणत असेल, तर स्क्रिप्ट फॉर्मच्या आधीच धावली आहे. तिला फॉर्म सापडला नाही, कारण तेव्हा तो पानावर आलेलाच नव्हता. स्क्रिप्टच्या टॅगला 'डिफर' लावा, मग ती पान पूर्ण आल्यावरच धावते. एका शब्दाचं काम.

'इनव्हॅलिड फॉर्म कंट्रोल' आणि 'नॉट फोकसेबल' असे शब्द दिसले, तर एखादा लपवलेला रकाना 'रिक्वायर्ड', म्हणजे भरणं सक्तीचा, आहे. ठिबकच्या एका विक्रेत्याच्या फॉर्मात 'सामाईक खातेदाराचं नाव' हा रकाना सामाईक जमीन निवडली तरच दिसायचा. ज्याची जमीन एकट्याच्या नावावर, त्याला तो दिसतच नव्हता, पण ब्राउझर तो भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हता. दाखवायला जागा नाही म्हणून इशाराही देत नव्हता. माणूस आपला बटण दाबतोय. यावर उपाय सोपा आहे: रकाना लपवताना त्याला 'डिसेबल्ड'ही (निकामी) करा आणि दाखवताना ते काढा. डिसेबल्ड रकान्याची तपासणी होत नाही आणि तो पाठवलाही जात नाही.

शेवटच्या वाक्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. नुसतं 'वाचा, बदलू नका' एवढंच हवं असेल, तिथे डिसेबल्ड लावलं तर तो रकाना सर्व्हरला जातच नाही. तिथे 'रीडओन्ली' लावायचं.

एका फॉर्मच्या पोटात दुसरा फॉर्म ठेवला असेल तर तोही काढा. एचटीएमएलमध्ये हे चालत नाही. ब्राउझर आतल्या फॉर्मची सुरुवात दुर्लक्षित करतो आणि आतल्याचा शेवट आला की बाहेरचा बंद करून टाकतो. खालचं बटण मग फॉर्मबाहेर पडतं.

नोंद येते, पण अर्धी

फॉर्म 'नेम' बघतो, 'आयडी' बघत नाही. ज्या रकान्याला नेम नाही, तो सर्व्हरला कधीच जात नाही. स्क्रिप्टमध्ये आयडीने काम चालतं, म्हणून नेम द्यायचा राहून जातो. पेलोडमध्ये तो रकाना नसेल तर कारण बहुधा हेच.

खूण न केलेला चेकबॉक्सही जात नाही. 'नाही' असं जात नाही, काहीच जात नाही. सर्व्हरवरच्या प्रोग्रामने ते गृहीत धरायला हवं.

आणि 'ऑन'. केळीच्या एका व्यापाऱ्यासाठी दुसऱ्या कोणी फॉर्म बनवला होता. शेतकऱ्याने आपली बाग मृगबाग की कांदेबाग ते निवडायचं. रावेर-यावलच्या माणसाला हा फरक सांगायला नको: मृगबाग जून-जुलैत लावलेली, कांदेबाग त्यानंतर ऑक्टोबरच्या सुमाराची. दोन्हींची कापणी वेगळ्या वेळी येते आणि व्यापाऱ्याची गाड्यांची सगळी जुळवाजुळव त्यावर असते. दोन गोल बटणं होती, नेमही बरोबर होतं, फक्त कुणी 'व्हॅल्यू' दिली नव्हती. व्हॅल्यू नसली की ब्राउझर 'ऑन' हा शब्द पाठवतो. डेटाबेसात प्रत्येक शेतकऱ्याच्या पुढे 'ऑन'. नोंदी शेकड्याने, चूक एकही दिसत नाही, आणि बाग कोणती ते कुणालाच माहीत नाही. त्यांच्या मुनिमाला एकेका शेतकऱ्याला पुन्हा फोन करावा लागला. म्हणून फॉर्म सुरू करण्याआधी स्वतः पाच वेगवेगळ्या तऱ्हेने भरा आणि डेटाबेसातली ओळ डोळ्यांनी वाचा. हिरवा संदेश बघून उठू नका.

पत्त्याच्या पट्टीत माहिती दिसली

हे लक्षण मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं. फॉर्मला 'मेथड' दिली नसेल तर ब्राउझर 'गेट' धरतो आणि भरलेलं सगळं पत्त्यात लिहितो. स्क्रिप्ट नीट असते तेव्हा हे कळत नाही, कारण स्क्रिप्ट मध्ये पडून फॉर्म थांबवते आणि माहिती स्वतः पाठवते. स्क्रिप्ट अडखळली की ब्राउझर जुन्या सवयीने वागतो आणि आधार क्रमांक पत्त्याच्या पट्टीत येतो. तिथून तो ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये जातो. ई-सेवा केंद्रातल्या सामाईक संगणकावर हे झालं तर पुढच्या माणसाला तो दिसू शकतो.

त्यामुळे स्क्रिप्ट कितीही चांगली असली तरी फॉर्मच्या टॅगवर मेथड 'पोस्ट' आणि 'अ‍ॅक्शन'मध्ये खरा पत्ता लिहाच. मग स्क्रिप्ट मेली तरी फॉर्म जातो आणि झाकून जातो.

स्क्रिप्ट का अडखळली? ब्राउझरला स्वतःहून फॉर्म पाठवण्यापासून थांबवणारं 'प्रिव्हेंट-डिफॉल्ट' कुठे आहे ते बघा. ते फंक्शनच्या पहिल्या ओळीत हवं. आधी दहा ओळींची तपासणी आणि मग प्रिव्हेंट-डिफॉल्ट असेल, तर मधली एखादी ओळ फसली की ते गाठलंच जात नाही. त्याच्या आधी 'अवेट' (उत्तराची वाट बघ असं सांगणारा शब्द) असेल तर त्याहून वाईट: ब्राउझर थांबत नाही, तोवर पान निघून गेलेलं असतं.

फंक्शन बटणाच्या 'क्लिक'ला बांधलंय की फॉर्मच्या 'सबमिट'ला, हेही बघा. सबमिटलाच बांधा. क्लिक हा ब्राउझरच्या स्वतःच्या तपासणीआधी होतो. तिथेच थांबवलं तर 'हा रकाना भरा' हे फुकटचं काम आपण बंद पाडतो. सबमिट हा तपासणी पार पडल्यावर येतो.

स्क्रिप्टमधून 'फॉर्म-डॉट-सबमिट' हाक मारली असेल तर तीही तपासणी होत नाही आणि सबमिटला बांधलेलं फंक्शनही चालत नाही. त्याऐवजी 'रिक्वेस्ट-सबमिट' वापरा, ते दोन्ही करतं. आणि बटणाचं नेम 'सबमिट' ठेवू नका. तसं ठेवलं की फॉर्म-डॉट-सबमिट म्हणजे ते बटणच होऊन बसतं आणि कन्सोल म्हणतो 'सबमिट हे फंक्शन नाही'. यात अख्खी दुपार घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

ओळ आली, पण वाटेत काही घडलं

नेटवर्कमध्ये एकाऐवजी दोन ओळी दिसल्या, पहिली ३०१ किंवा ३०२ ची आणि दुसरी गेटची, तर माहिती वळणावर सांडली. सर्व्हर म्हणाला "त्या पत्त्यावर जा", आणि अशा वळणावर ब्राउझर पोस्टचं गेट करतो, सोबतचं ओझं टाकून देतो. साइट एचटीटीपीएसवर नेली पण अ‍ॅक्शनमध्ये जुना एचटीटीपीचा पत्ता राहिला, हे नेहमीचं कारण. दुसरं कारण म्हणजे पत्ता फोल्डरचा आणि शेवटची तिरकी रेघ विसरली. सर्व्हर ती लावून परत पाठवतो. शेवटचा, वळण नसलेला पत्ताच लिहा.

कन्सोलमध्ये 'कॉर्स' शब्द आला, तर पान आणि प्रोग्राम ब्राउझरच्या लेखी दोन वेगळ्या घरचे आहेत. पत्त्याआधी तीन डब्ल्यू असलेली आणि नसलेली साइट आपल्याला एकच वाटते, ब्राउझरला नाही. दोन्ही एकाच नावावर आणा. इंटरनेटवर मिळणारं 'सगळ्यांना परवानगी द्या' हे उत्तर चिकटवू नका; लोकांची माहिती घेणाऱ्या प्रोग्रामचं दार सताड उघडं ठेवल्यासारखं आहे ते.

"धन्यवाद" येतं पण नोंद नसते, याचं उत्तर बहुतेक वेळा 'फेच'मध्ये, म्हणजे स्क्रिप्टमधून माहिती पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये, सापडतं. सर्व्हरने ४०४ दिला, ५०० दिला, तरी फेच त्याला अपयश मानत नाही. तिच्या दृष्टीने उत्तर आलं, काम झालं. इंटरनेट तुटलं किंवा कॉर्सने अडवलं, असं उत्तरच हाती आलं नाही तरच ती 'कॅच'मध्ये, म्हणजे चूक सांभाळणाऱ्या भागात, जाते. म्हणून 'रिस्पॉन्स-डॉट-ओके' तपासल्याशिवाय कोणालाही धन्यवाद म्हणू नका. माणूस तो संदेश वाचून निश्चिंत होतो आणि शेवटची तारीख निघून जाते. माझ्या लेखी ही सगळ्यांत मोठी चूक आहे, कारण बाकीच्या बिघाडांत निदान त्याला कळतं की काहीतरी अडलंय.

सर्व्हरवर पोचलं, पण पोस्ट रिकामं

पेलोडमध्ये सगळं दिसतंय आणि पीएचपीच्या पोस्ट अ‍ॅरेत काहीच नाही, असं असेल तर तीन गोष्टी बघा.

माहिती जेसन (माहिती मजकुरात बांधायची एक पद्धत) करून पाठवली आहे का? पीएचपी जेसन आपोआप पोस्टमध्ये भरत नाही. 'पीएचपी-इनपुट' वाचून ते स्वतः उलगडावं लागतं. साध्या फॉर्मला जेसनची गरजही नाही. 'फॉर्मडेटा' बनवून द्या, सगळे रकाने आपोआप भरले जातात.

फॉर्मडेटा पाठवताना 'कंटेंट-टाइप' हाताने लिहिला आहे का? काढून टाका. रकान्यांमधली हद्द दाखवणारी खूण ब्राउझर त्याच ओळीत लिहितो. आपण ओळ लिहिली की ती खूण जाते आणि सर्व्हरला कुठे काय संपतं ते कळत नाही.

फोटो केवढा आहे? पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या पोस्टला ८ एमबी असते. मोबाइलने काढलेला सातबाऱ्याचा फोटो सहज ३-४ एमबीचा निघतो. इथे लक्षणं दोन वेगळी दिसतात. फाइल २ एमबीच्या वर पण एकूण ८ च्या आत, तर नाव-गाव येतं आणि फोटो तेवढा येत नाही. एकूण ८ च्या वर गेलं, तर काहीच येत नाही, नावसुद्धा नाही. पीएचपीच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मूळ मर्यादा १ एमबी आहे आणि तो ४१३ देतो. मर्यादा वाढवता येते, पण त्याआधी स्क्रिप्टने आकार तपासून माणसाला मराठीत सांगा की फोटो मोठा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी अर्धी रेंज असलेल्या मोबाइलवरून ८ एमबी चढवायला लावून मग नकार देणं बरोबर नाही.

लांबलचक याद्यांचा आणखी एक खड्डा आहे. पीएचपी एका वेळी मुळात १००० रकानेच घेते. २५० शेतकऱ्यांची यादी, प्रत्येकी ५ रकाने, म्हणजे १२५०. साधारण २०० शेतकऱ्यांनंतरचं गायब. 'मॅक्स-इनपुट-व्हार्स' वाढवा किंवा यादी तुकड्यांनी पाठवा.

'अनएक्स्पेक्टेड टोकन' असा दोष कन्सोलमध्ये आला, तर रिस्पॉन्स उघडा. जेसनच्या आधी पीएचपीने एखादा इशारा छापलेला असतो. चालू साइटवर इशारे पानावर छापणं बंद करा, लॉगमध्ये लिहू द्या. ४१९ आला आणि साइट लॅराव्हेलवर (पीएचपीचा एक तयार सांगाडा) असेल, तर सुरक्षेचं टोकन शिळं झालंय. पान सकाळी उघडून दुपारी भरलं की असं होतं.

मराठी आकडे, मराठी नावं

हा भाग इंग्रजीतल्या मदतीत सापडत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

मराठी कीबोर्ड लावलेला माणूस मोबाइल नंबर देवनागरी आकड्यांत लिहितो. त्याचं काहीच चुकलेलं नाही. पण जावास्क्रिप्टमध्ये आकडे तपासायची 'बॅकस्लॅश-डी' ही खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते, त्यामुळे बरोबर नंबर नाकारला जातो. तपासणीतून सुटला तरी पीएचपी त्याचा पूर्णांक करताना शून्य करते. उपाय दोन ओळींचा आहे. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, नवाचा २४१५. तपासणीच्या आधी प्रत्येक अक्षर बघा, या टप्प्यात असेल तर २४०६ वजा करा, इंग्रजी आकडा मिळतो. हेच सर्व्हरवरही करा, कारण स्क्रिप्ट बंद असली तरी फॉर्म येऊ शकतो. स्क्रिप्टमधली तपासणी माणसाच्या सोयीसाठी असते, खरी तपासणी सर्व्हरवरच.

पीएचपीत नावाची लांबी मोजताना 'एसटीआर-लेन' हे फंक्शन वापरलं तर 'जळगाव' १५ निघतं. अक्षरखुणा पाच, पण यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकीला तीन बाइट लागतात. 'एमबी-एसटीआर-लेन' ५ सांगतं. लांब नावाच्या माणसांचे फॉर्म परत येत असतील तर इथे बघा.

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर तक्ता किंवा जोडणी जुन्या लॅटिन संचावर आहे. दोन्ही 'यूटीएफ-८-एमबी-४'वर हवीत. नव्या तक्त्यासाठी हे सोपं आहे. जुन्या, भरलेल्या तक्त्यावर स्वतः प्रयोग करू नका. प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर परत येत नाही, ते गेलं. मात्र प्रश्नचिन्हाऐवजी विचित्र परदेशी अक्षरांची रांग दिसत असेल, तर मूळ नाव बहुधा अजून आत आहे आणि जाणकार ते काढू शकतो. चुकीचं रूपांतर चालवलं तर तेही जाईल.

एकाच्या तीन नोंदी

धडगाव-अक्कलकुव्याकडून भरल्या जाणाऱ्या एका प्रवेशाच्या फॉर्मात हे सतत व्हायचं. मुलगा बटण दाबतो, रेंज जाते, उत्तर येत नाही, तो पुन्हा दाबतो. पहिली माहिती पोचलेली असते, परतीचं उत्तर तेवढं हरवलेलं असतं. उत्तर आलं नाही याचा अर्थ नोंद झाली नाही असा होत नाही.

बटण दाबताच ते बंद करा, 'पाठवत आहे' लिहा आणि 'फायनली'मध्ये (यश-अपयश काहीही झालं तरी शेवटी चालणारा भाग) ते पुन्हा चालू करा, म्हणजे खरंच अपयश आलं तर माणूस अडकत नाही. पण एवढ्याने भागत नाही, कारण पान ताजं केलं की बटण पुन्हा मोकळं. पान देताना सर्व्हरने फॉर्ममध्ये एक लपवलेला क्रमांक घालावा, डेटाबेसात तो रकाना 'युनिक' असावा, म्हणजे एक क्रमांक एकदाच घेणारा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी ओळ न टाकता "तुमची नोंद आधीच झाली आहे" असं उत्तर द्यावं. साध्या फॉर्मात नोंद झाल्यावर ३०३ (वळवण्याचाच एक आकडा) देऊन दुसऱ्या पानावर न्या, म्हणजे पान ताजं केल्यावर फॉर्म पुन्हा जात नाही. सुधारणा झाल्यावर नेटवर्क खान्यातच वेग मुद्दाम कमी करून बघा. जळगावच्या फायबरवर हा बिघाड कधी दिसणार नाही.

कुठे थांबायचं

पैशाचा व्यवहार फॉर्मला जोडलेला असेल तर नेटवर्क खाना बघण्यापलीकडे जाऊ नका. पैसे कापले गेले आणि नोंद नाही, अशा वेळी फॉर्म बंद ठेवा, जाणकाराला बोलवा.

आधार, बँक खातं किंवा पासवर्ड पत्त्याच्या पट्टीत गेल्याचं दिसलं तर फॉर्म लगेच बंद करा. मेथड बदलून विषय संपत नाही, सर्व्हरचे लॉगही साफ करावे लागतात. लोकांची डिजिटल माहिती सांभाळायची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर आहे, असं व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही सांगतो.

ठरावीक मजकूर लिहिला की ४०३ आणि तो काढला की २००, असं दिसलं तर होस्टिंगची सुरक्षा-भिंत अडवते आहे. ती बहुतेक वेळा तुम्हाला आतून बदलता येत नाही. वेळ आणि मजकूर लिहून होस्टिंगवाल्याला कळवा. ५०० येतोय आणि एरर लॉग बघायची परवानगी नाही, तरी तेच. भरलेल्या तक्त्याची रचना बदलायची असेल, बॅकअप नसेल, तर हात लावू नका.

आणि यातलं काहीच नसताना दोन तास गेले, तीन बदल केले, लक्षण तसंच आहे, तर तिन्ही बदल मागे घ्या आणि मग फोन करा. अर्धवट बदललेला कोड दुरुस्त करायला दुप्पट वेळ लागतो, तो पैसा तुमचाच जातो.

फोन करताना हाताशी ठेवा: लक्षण एका वाक्यात, कोणत्या दिवशी किती वाजता झालं, कोणता मोबाइल किंवा ब्राउझर, कन्सोलमधल्या लाल ओळीचा फोटो आणि साइटवर शेवटचा बदल कोणी काय केला. समोरच्याने नेटवर्कची 'हार' फाइल (नेटवर्क खान्यातल्या सगळ्या ओळी साठवलेली) मागितली तर ती चाचणीच्या खोट्या नावाने फॉर्म भरून काढा आणि पाठवल्यावर साइटमधून लॉगआउट करा. त्या फाइलमध्ये भरलेली माहिती असते आणि लॉगिनच्या कुकीही असू शकतात.